खातची पाने आणि आटणारे पाणी

येमेनमध्ये सप्टेंबर २०१४मध्ये हौथी बंडखोरांनी राजधानी साना ताब्यात घेतली आणि मार्च २०१५मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. त्यानंतरच्या वर्षांत या देशाची बंदरे कोंडली गेली, चलनाचे दोन तुकडे पडले आणि २०१६मध्ये मध्यवर्ती बँकेचा कारभार एडनला हलविण्यात आल्यापासून उत्तरेकडील लाखो सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार रखडले. देश दुष्काळाच्या उंबरठ्यापर्यंत गेला. या सगळ्या पडझडीत एक बाजार मात्र जवळजवळ अखंड चालू राहिला. पहाटे डोंगरउतारांवर खुडलेली खातची पाने, वाटेतल्या तपासणी नाक्यांवर दोन्ही बाजूंचे कर भरत, दुपारपर्यंत शहरांत पोहोचतच होती. औषधे पोहोचत नव्हती, गहू पोहोचत नव्हता. पाने पोहोचत होती. येमेनमधील खातचा प्रश्न केवळ व्यसनाचा नाही, हे समजण्यासाठी एवढा एक तपशील पुरेसा ठरावा.

खात हे येमेन, इथिओपिया, केनिया आणि सोमालियाच्या आसपासच्या उंच प्रदेशात वाढणारे सदाहरित झुडूप आहे. त्याची कोवळी पाने आणि शेंडे चघळले जातात. अरबीत त्याचा उच्चार ‘कात’ असा होतो. मात्र विड्यातील कात खैराच्या लाकडापासून काढतात आणि त्याचा या झुडपाशी काडीचाही संबंध नाही. चघळण्याची रीत विड्याहून निराळी आहे. पाने एकामागून एक तोंडात टाकून त्यांचा गोळा एका गालात साठविला जातो, रस तेवढा गिळला जातो. ही क्रिया चार ते सहा तास चालते आणि एका बैठकीत एक माणूस शंभर ते दोनशे ग्रॅम पाने सहज संपवितो. येमेनी बोलीत या क्रियेला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच ‘साठविणे’ असा आहे.

या वनस्पतीला शास्त्रीय नाव देणारा पीटर फोर्सकाल हा लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेल्या मोहिमेत तो येमेनला गेला आणि १७६३मध्ये हिवतापाने तेथेच मरण पावला. त्याची टिपणे त्याचा सहकारी कार्स्टन नीबूर याने १७७५मध्ये प्रसिद्ध केली. हाच नीबूर येमेनहून मुंबईला आला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे व चित्रे त्याने येथेच तयार केली. मुंबईचा या पानाशी आलेला संबंध तेवढ्यावर संपत नाही. १८३९मध्ये इंग्रजांनी एडन जिंकले, तेव्हापासून १९३२पर्यंत ते मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. वासुदेव बळवंत फडके यांचा १८८३मध्ये ज्या एडनच्या तुरुंगात अंत झाला, ते हेच एडन. तेथील बंदराचा शल्यवैद्य जेम्स वॉन याने १८५२मध्ये केलेल्या नोंदीनुसार, एकट्या एडनमध्ये वर्षाला सुमारे २८० उंटओझी खात खपत होते आणि त्याच्या विक्रीचा मक्ता सरकार वर्षाला दीड हजार रुपयांना देत होते. पानाबद्दल नाक मुरडायचे आणि त्यावरचा कर मात्र सोडायचा नाही, ही रीत तेव्हापासूनची आहे. पुढे राज्यकर्ते बदलले, झेंडे बदलले. ही रीत बदललेली दिसत नाही.

पानात नेमके काय असते, हे कळायला मात्र १९७५ साल उजाडावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या प्रयोगशाळेने त्या वर्षी ताज्या पानातून कॅथिनोन हे द्रव्य वेगळे केले. त्याची रचना आणि परिणाम अॅम्फेटामाइनशी मिळतेजुळते आहेत. मेंदूत डोपामिनचा स्राव वाढतो, हुरूप येतो, भूक आणि झोप पळते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. पान खुडल्यापासून साधारण दोन दिवसांत कॅथिनोनचे बरेचसे रूपांतर कॅथिन या पुष्कळ सौम्य द्रव्यात होते. खातच्या साऱ्या अर्थव्यवस्थेला लागलेली घाई या एका रासायनिक गुणधर्मातून आली आहे. पाने केळीच्या पानांत गुंडाळणे, भरधाव ट्रक, खास विमाने, दुपारचा ठरलेला बाजार, हे सर्व त्या दोन दिवसांच्या मर्यादेत बसविलेले आहे. या मालाची साठेबाजी करता येत नाही. आजचे पान आजच विकावे लागते.

बैठकीचा क्रमही ठरलेला असतो. आरंभी गप्पांना रंग चढतो, मोठमोठे बेत आखले जातात, व्यवहार ठरतात, भांडणे मिटविली जातात. सूर्य मावळताना बैठक हळूहळू शांत होते. या वेळेला येमेनी लोक ‘सुलेमानची घटिका’ म्हणतात. त्यानंतर येते ती उदासी, चिडचीड आणि रात्रभर न येणारी झोप. ती झोप यावी म्हणून काही जण अन्य गोळ्यांचा आधार घेतात.

आरोग्याच्या अंगाने पाहता खातवर जे आरोप होतात, ते सारखेच सिद्ध झालेले नाहीत. हृदयाबाबतचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. २००५मध्ये येमेनमधील डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेले १०० रुग्ण आणि तेवढ्याच अन्य व्यक्ती यांची तुलना केली. त्यात, जास्त प्रमाणात खात चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका कित्येक पटींनी अधिक असल्याचे आणि प्रमाण वाढेल तसा तो वाढत असल्याचे दिसून आले. आखाती देशांतील सात हजारांहून अधिक हृदयरुग्णांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात मृत्यू येण्याचे प्रमाण खात चघळणाऱ्यांत जास्त असल्याचे त्यातही आढळले. बद्धकोष्ठ, मूळव्याध, जठराचा दाह, दात व हिरड्यांचे विकार या तक्रारी सर्रास आहेत. गर्भवती स्त्रिया पाने चघळत असतील तर बाळाचे वजन कमी भरण्याचा संभव असतो. तोंडाच्या कर्करोगाशी थेट नाते जोडण्याइतका पुरावा मात्र अद्याप नाही. खात चघळणारे पुष्कळ जण सोबत सिगारेटही ओढतात, त्यामुळे दोहोंचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. पानांवर बेसुमार फवारली जाणारी कीटकनाशके हा आणखी एक धोका आहे. पाने खुडल्याबरोबर, बहुधा न धुता, तोंडात जातात, हे लक्षात घेतले तर त्याचे गांभीर्य कळते.

मनावरील परिणामांचा प्रश्न सोमालियाच्या संदर्भात अधिक बिकट आहे. हार्गेसा शहरात झालेल्या आणि २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात, गंभीर मानसिक आजार असलेल्यांत माजी सैनिकांचे प्रमाण मोठे असल्याचे आढळले. त्यांपैकी अनेकांनी आजार सुरू होण्यापूर्वीच खातचे सेवन अतोनात वाढविले होते. येथे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सांगणे अवघड आहे. युद्धाने खचलेला माणूस पानाकडे वळतो आणि पान त्याला आणखी खचविते, असे हे दुष्टचक्र दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २००६मध्ये खातचा आढावा घेतला. या पानाची व्यसनाधीन करण्याची शक्ती कमी असल्याचा निर्वाळा देत समितीने त्यावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण सुचविले नाही. म्हणूनच १९७१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॅथिनोन हे द्रव्य कठोर नियंत्रणाखाली असले, तरी ते ज्या पानात असते ते पान त्या यादीत नाही.

तज्ज्ञांचा हा निर्वाळा एका माणसाच्या शरीरापुरता बहुधा बरोबरच आहे. घराची, गावाची आणि देशाची तब्येत त्यात मोजलेली नाही.

जागतिक बँकेने २००७मध्ये येमेनमधील खातविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे ७० टक्के पुरुष आणि एक-तृतीयांश स्त्रिया खात चघळत होत्या. कुटुंबाच्या खर्चापैकी साधारण एक-दशांश रक्कम त्यावर जात होती. हा सरासरीचा आकडा झाला. गरिबाच्या घरी हे प्रमाण किती बोचत असेल, याची कल्पना करता येते. ज्या देशात निम्म्याच्या आसपास लहान मुलांची वाढ कुपोषणामुळे खुंटलेली आहे, तेथे घरातला कर्ता पुरुष दूध-डाळीआधी पानांची जुडी घेतो, अशी तक्रार तेथील स्त्रिया आणि आरोग्यसेवक वर्षानुवर्षे करीत आहेत. शिवाय हे पान भूक मारते. रिकाम्या पोटाला त्याची जाणीवच होऊ न देणारी वस्तू गरिबीत स्वस्त वाटू लागते, ही त्यातील सर्वांत क्रूर बाब म्हणावी लागेल.

त्याच अहवालानुसार काम करणाऱ्या दर सात येमेनींपैकी एक जण खातची लागवड, वाहतूक वा विक्री यांवर पोट भरत होता आणि राष्ट्रीय उत्पन्नात या पिकाचा वाटा सुमारे सहा टक्के होता. टीकाकारांना हे आकडे अडचणीचे वाटतात. खातमुळे शहराचा पैसा रोख स्वरूपात खेड्यात परततो, डोंगरातील तरुण गावातच राहतो, उतारावरील दगडी पायऱ्यांची शेते शाबूत राहतात. एवढे काम येमेनमधील एकाही सरकारी योजनेने केलेले नाही.

दुपारच्या बैठकीलाही केवळ आळसाचे नाव देऊन चालणार नाही. मानववंशशास्त्रज्ञ शेला वीर यांनी १९८५च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, १९७०च्या दशकात सौदी अरेबियात काम करणाऱ्या येमेनींचा पैसा गावोगावी येऊ लागला आणि तेव्हा खातची बैठक ही नव्या श्रीमंतीची व प्रतिष्ठेची जागा बनली. तोवर अधूनमधून चघळणारे रोज चघळू लागले. ज्या समाजात चावडी, क्लब, पक्षकार्यालय आणि कचेरी यांची कामे एकाच खोलीत चालतात, तेथे त्या खोलीत न जाणारा माणूस बाहेर पडतो. नोकरीतूनही आणि सोयरिकीतूनही. स्त्रियांच्या बैठका वेगळ्या भरतात. पुरुषांच्या बैठकीत देशाचे निर्णय होत असताना त्या तेथे नसतात, हा खातचा आणखी एक सामाजिक परिणाम. त्याची चर्चा फारशी होत नाही.

मात्र येमेनचा खरा घात होत आहे तो पाण्याच्या बाबतीत. या देशाला बारमाही नदी नाही. लोकसंख्या चार कोटींच्या आसपास पोहोचली आहे आणि नव्याने उपलब्ध होणारे पाणी माणशी वर्षाला १०० घनमीटरही भरत नाही. जलतज्ज्ञ ५०० घनमीटरखालील स्थितीलाच तीव्र टंचाई म्हणतात. जे पाणी आहे त्यातील नव्वद टक्के शेतीला जाते आणि सिंचनाच्या पाण्यापैकी एक-तृतीयांशाहून अधिक एकटे खात पिते, असा अंदाज अनेक वर्षांपासून मांडला जात आहे. सानाच्या खोऱ्यात पूर्वी काही दहा मीटरवर लागणारे पाणी आता अनेक ठिकाणी कित्येकशे मीटर खोल गेले आहे. जेवढे मुरते त्याच्या कित्येक पट उपसले जाते. राजधानीतील नळ अनेक वस्त्यांत आठवडेच्या आठवडे कोरडे असतात आणि शहराच्या वेशीवरच्या मळ्यात विहिरीचा पंप चालू असतो. मराठवाड्यातील दुष्काळ आणि उसाचा वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र परके वाटू नये.

येमेनी शेतकरी काही अडाणी नाही. खातला पाणी दिले की काही आठवड्यांत नवी फूट येते आणि वर्षातून अनेक वेळा खुडणी होते. ज्याच्याकडे पाणी आहे तो कोरड्या हंगामात, भाव चढलेले असताना, माल बाजारात आणतो. धान्याच्या तुलनेत उत्पन्न अनेक पट. त्यात भर म्हणून एकेकाळी सरकारने डिझेल जवळजवळ फुकट दिले आणि परदेशी धान्य स्वस्तात येऊ दिले. ज्वारी-गव्हाची शेते मागे पडली, मोखा बंदरातून ज्या कॉफीने जगाला चव लावली तिची झाडे ठिकठिकाणी उपटली गेली. आज गव्हाच्या गरजेपैकी सुमारे नव्वद टक्के गहू बाहेरून येतो. युद्धात डिझेल महागले तेव्हा पाण्याचा उपसा कमी होईल, अशी आशा काहींना वाटली होती. झाले उलटेच. शेतकऱ्यांनी सौर पंप बसविले. सूर्यप्रकाशाचे बिल येत नसल्यामुळे पंप बंद करण्याचे कारणच उरले नाही.

लाल समुद्रापलीकडे आफ्रिकेत हेच पान परकीय चलन मिळवून देते. इथिओपियाच्या निर्यातीत ते अनेक वर्षे कॉफीपाठोपाठच्या मोजक्या वस्तूंत राहिले आहे. हरारजवळील अवदाय येथील बाजारातून निघालेला माल जिबूती आणि सोमालीलँडला जातो. जिबूतीत दुपारी पाने पोहोचली नाहीत तर शहराचा सूर बिघडतो, असे म्हणतात. केनियात मेरू भागात पिकणाऱ्या या पानाला ‘मिरा’ म्हणतात. सोमालियात आणि जिबूतीत किरकोळ विक्री मुख्यतः स्त्रियांच्या हाती आहे. पुरुषांच्या सवयीवर स्त्रियांनी चालविलेली घरे, असा हा विचित्र संसार आहे. मार्च २०२०मध्ये सोमालियाने करोनाच्या काळात विमाने थांबविली आणि पुढे केनियाशी राजनैतिक बेबनाव झाल्याने मिराची आयात बंदच राहिली. जुलै २०२२मध्ये सत्तेवर नुकतेच परतलेले अध्यक्ष हसन शेख मोहमूद यांनी ती पुन्हा सुरू केली. दोन शेजारी राष्ट्रांच्या वाटाघाटीत सीमेबरोबरच चघळण्याच्या पानाचाही विषय असावा, यावरून त्याचे वजन लक्षात येते.

बंदीचे प्रयोग थोडे झाले नाहीत. एडनमध्ये इंग्रजांनी १९५७मध्ये बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली. उत्तर येमेनचे पंतप्रधान मोहसिन अल-ऐनी यांनी १९७२मध्ये निर्बंधांचा प्रयत्न केला. त्यांचे पद फार काळ टिकले नाही. दक्षिण येमेनच्या साम्यवादी राजवटीने सत्तरच्या दशकात केवळ गुरुवार-शुक्रवारी चघळण्यास परवानगी ठेवली. हा निर्बंध त्यातल्या त्यात यशस्वी म्हणावा लागेल. पण १९९०मध्ये दोन्ही येमेन एक झाले आणि तो गेला. अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांनी १९९९मध्ये आपण खात सोडून व्यायाम करणार असल्याचे जाहीर केले. देशाने ते ऐकून घेतले. सोमालियात सियाद बर्रे यांनी १९८३मध्ये, तर इस्लामी न्यायालयांच्या संघटनेने २००६च्या अखेरीस मोगादिशूत बंदी आणली. ती संघटना महिन्याभरात हाकलली गेली आणि बाजार पुन्हा भरला.

ब्रिटनची कथा वेगळी आहे. तेथे सोमाली व येमेनी वस्त्यांत वर्षाला सुमारे अडीच हजार टन पाने कायदेशीररीत्या येत होती. सरकारच्याच सल्लागार मंडळाने जानेवारी २०१३मध्ये बंदीला आधार नसल्याचे सांगितले होते. दुसरीकडे, नवऱ्यांच्या बैठकांना कंटाळलेल्या अनेक सोमाली स्त्रिया बंदी मागत होत्या. तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी मंडळाचा सल्ला बाजूला ठेवला आणि २४ जून २०१४पासून खात बेकायदा ठरले. नेदरलँड्सने त्याआधीच दार बंद केले होते. मेरूमधील शेतकऱ्यांचे युरोपातील गिऱ्हाईक एका दिवसात नाहीसे झाले.

भारतात खात चघळण्याची परंपरा नाही. तथापि कॅथिनोनच्या कुळातील एक नाव महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचले आहे. पोलिसांच्या बातम्यांत ‘एमडी’ आणि बोलीत ‘म्याऊ म्याऊ’ म्हणून ओळखले जाणारे मेफेड्रोन हे त्याच रचनेवर कारखान्यात बनविलेले द्रव्य. फेब्रुवारी २०१५मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत येईपर्यंत पोलिसांचे हात बांधलेले होते. ऑक्टोबर २०२३मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि फेब्रुवारी २०२४मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत त्याचे कारखाने उघडकीस आले. खातचे पान सहा तास चघळावे लागते, द्रव्य सावकाश अंगात उतरते आणि जबडा दुखू लागला की माणूस थांबतो. भुकटीला असा कोणताच लगाम नाही. दोन दिवसांत ती निकामीही होत नाही. पान आणि भुकटी यांना एकाच मापाने मोजणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतलेला बरा.

येमेनमध्ये खातला पर्याय उभा राहिल्याचे एक उदाहरण मात्र आहे आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. सानाच्या पश्चिमेकडील हराज डोंगरात दाऊदी बोहरा समाजाचे जुने श्रद्धास्थान आहे. या समाजाचे मुंबईस्थित धर्मगुरू दिवंगत सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दिन यांच्या सांगण्यावरून तेथील अनुयायांनी खात सोडले, झुडपे उपटली आणि त्या जागी कॉफी व बदाम लावले. धर्मगुरूंचा शब्द आणि समाजाचा पैसा, दोन्ही तेथे पाठीशी होते. उर्वरित येमेनला तो मार्ग जसाच्या तसा उचलता येणार नाही. कॉफीचे झाड फळाला यायला तीन-चार वर्षे लागतात आणि तोवर कुटुंबाने खायचे काय, हा प्रश्न कोणी तरी अंगावर घ्यावा लागतो. एप्रिल २०२२च्या युद्धविरामानंतर मोठी लढाई थंडावली, तरी साना आणि एडन येथील दोन्ही राजवटींना नाक्यांवरील खातच्या कराचे उत्पन्न हवेच आहे.